बोट का लागते?

मुंबई–गोवा क्रूझवर डेकवर वाऱ्यात छान वाटतं. केबिनमध्ये जाऊन मोबाइल उघडला, की पोटात ढवळायला लागतं. दोष पोटाचा नाही, कानाचा. अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि केसासारखे सूक्ष्म तंतू वाकतात. वर-खाली होणं टिपायला कॅल्शियमचे बारीक खडे वेगळेच. कान सांगतो, आपण हलतोय. पण केबिनच्या भिंतीही आपल्याबरोबरच हलत असल्याने डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. या विसंगतीतून घाम, मळमळ, उलटी. १८३१ ते १८३६ या 'बीगल'वरच्या सफरीत चार्ल्स डार्विनला हा त्रास शेवटपर्यंत सुटला नाही!

म्हणून नजर क्षितिजावर ठेवावी. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्यावी. सी-सॉची टोकं हलतात तेवढा मध्य हलत नाही. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. आलेपाकाने काहींना आराम पडतो. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आणि पहिली सफर पावसाळा सरल्यावर, समुद्र शांत असतानाच ठरवा.