संगणक समजून घेताना : क्लोन पूर्ण झाला, पण विंडोज उठत नाही

गुम्मिडिपूंडीहून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न या आठवड्याच्या विषयाशी इतका नेमका जुळतो की लेखाची सुरुवात त्यापासूनच करतो. हे वाचक मूळचे साताऱ्याचे. चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळच्या तिथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतात. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक विंडोज ७ वर चालतो. काट्याचं सॉफ्टवेअर ज्यांनी बसवलं त्यांचा आता पत्ता नाही आणि ते पुन्हा बसवायची सीडीही नाही. ५०० जीबीची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा त्यांनी चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून (आपल्या लॅमिंग्टन रोडसारखाच तो बाजार) सॅटा एसएसडी आणली आणि क्लोन केला. काम विनातक्रार पूर्ण झालं. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना संगणक नेहमीसारखा चालला. जुनी डिस्क काढली आणि काळ्या पडद्यावर ०एक्स-सी००००००ई हा कोड आला, सोबत आवश्यक उपकरण सापडत नाही अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकू.

कृपा करून तसं करू नका. नवीन विंडोज अर्ध्या दिवसात बसेल, पण काट्याचं सॉफ्टवेअर परत येणार नाही. शिवाय तुमचा डेटा शाबूत आहे आणि तो कोडच ते सांगतो आहे.

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत काम हातोहात पुढे सरकतं. जुन्या पद्धतीच्या संगणकात बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो. त्यातला छोटा प्रोग्राम चालू पार्टिशन शोधतो, तिथून बूट मॅनेजर उठतो. बूट मॅनेजर बीसीडी नावाची नोंदवही उघडतो आणि विंडोज कुठे आहे ते पाहतो. तुमच्या पडद्यावरचा मजकूर बूट मॅनेजरने लिहिलेला आहे. म्हणजे पहिला सेक्टर, चालू पार्टिशन, बूट मॅनेजर इथपर्यंत सगळं नीट आलं आहे. अडलं ते नोंदवहीपाशी.

आता बारकाईने पाहू. त्या पहिल्या सेक्टरमध्ये पार्टिशनच्या तक्त्याच्या अलीकडे ४ बाइटची एक खूण असते, तिला डिस्क सिग्नेचर म्हणतात. बीसीडीमध्ये 'सी ड्राइव्ह' असं लिहिलेलं नसतं. 'अमुक सिग्नेचरच्या डिस्कवर, अमुक जागी सुरू होणारं पार्टिशन' असं लिहिलेलं असतं. क्लोन करताना सिग्नेचरही जशीच्या तशी उतरते. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या की विंडोजला एकाच खुणेच्या दोन डिस्क दिसतात. विंडोज ७ त्यातली दुसरी डिस्क ऑफलाइन ठेवतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'ऑनलाइन' केलं की विंडोज त्या डिस्कला निमूटपणे नवी सिग्नेचर देऊन टाकतं. डिस्कची खूण बदलली, पण तिच्यावरच्या बीसीडीत जुनीच राहिली. तुम्ही 'ऑनलाइन' केल्याचं पत्रात लिहिलंच आहे, त्यामुळे निदानाबद्दल मला शंका नाही. आणि दोन्ही डिस्क असताना जे विंडोज चाललं, ते जुन्या डिस्कवरचं होतं. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी २०११ मध्ये या प्रकारावर सविस्तर लिहिलं होतं, तरी आजही तो रोज कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर घडतो.

उपाय असा. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून संगणक सुरू करा आणि शिफ्ट व एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडा. आधी फक्त जुनी डिस्क जोडलेली ठेवा. डिस्कपार्ट सुरू करून डिस्क निवडा आणि 'युनिकआयडी डिस्क' ही कमांड द्या. आठ अक्षरांची सिग्नेचर दिसेल, ती कागदावर उतरवून घ्या. संगणक बंद करा, जुनी काढा, एसएसडी लावा आणि तीच कमांड ती आठ अक्षरं जोडून द्या. नंतर जुनी डिस्क पुन्हा त्याच संगणकाला लावू नका.

बरेच जण इथे स्टार्टअप रिपेअर चालवतात किंवा बीसीडी नव्याने लिहितात. त्याने बूटचा अडथळा सुटतो, पण मला तो मार्ग दुय्यम वाटतो. कारण विंडोजच्या रजिस्ट्रीतही 'सी' हे अक्षर कुणाचं, ते याच सिग्नेचरवरून ठरलेलं असतं. खूण वेगळी राहिली तर विंडोज स्वतःला 'डी' किंवा आणखी काही समजू शकतं, मग लॉगिननंतर डेस्कटॉप धड उघडत नाही आणि माणूस पुन्हा क्लोनला दोष देतो. सिग्नेचर मूळची केली की दोन्ही नोंदी एकदम जुळतात.

कोड वेगळा असेल तर जागाही वेगळी. निळ्या पडद्यावर ०एक्स-७बी आला तर विंडोज सुरू झालंय, पण डिस्कशी बोलायचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. बायोसमध्ये एएचसीआय, आयडीई किंवा रेड हा पर्याय बदलला गेला आहे का ते पाहा, क्लोनआधी होता तोच ठेवा. सॅटा डिस्कवरून एनव्हीएमई एसएसडीवर जाताना हाच प्रकार होतो. विंडोज ७ मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नव्हताच, मायक्रोसॉफ्टने तो नंतर वेगळा दिला. म्हणून जुन्या यंत्राला सॅटा एसएसडी घेतली हे योग्यच झालं.

नव्या, यूईएफआय पद्धतीच्या लॅपटॉपवर मात्र चूक बहुधा आधीच झालेली असते. लोक फक्त 'सी' पार्टिशन क्लोन करतात. बूटच्या फाइल असतात त्या सुमारे १०० एमबीच्या, फॅट३२ मधल्या, अक्षर नसलेल्या ईएफआय पार्टिशनवर, आणि ते मागेच राहतं. संगणक 'बूट डिव्हाइस नाही' म्हणतो. पूर्ण डिस्क क्लोन करा, वेळ थोडा जास्त लागेल इतकंच.

यूएसबीच्या डब्यात डिस्क घालून क्लोन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. काही डबे ५१२ बाइटचा सेक्टर ४०९६ बाइटचा असल्याचं संगणकाला सांगतात. डब्यात सगळं ठीक दिसतं. डिस्क बाहेर काढून थेट बोर्डला लावली की पार्टिशनचे आकडे भलतीकडे दाखवतात आणि डिस्क रिकामी वाटते. अशा वेळी दुरुस्तीच्या कमांड चालवत बसू नये. दोन्ही डिस्क थेट सॅटा केबलने जोडून क्लोन पुन्हा करावा, आणि तो संपला की संगणक बंद करून, पुन्हा सुरू करण्याआधीच जुनी डिस्क काढावी.

पुढच्या आठवड्यात : बिटलॉकर चालू असलेल्या डिस्कचा क्लोन, आणि ४८ अंकी रिकव्हरी की कुठे शोधायची.