रोहित्र व पर्यायी जनित्र : केबल, ब्रेकर आणि भूसंपर्कन यांची निश्चिती (कनेरगाव नाका परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका यांसारख्या गावांतील शैक्षणिक संस्थांना वीज खंडित होताच जनित्राचा आधार घ्यावा लागतो. खरेदीच्या वेळी जनित्राच्या केव्हीएची चर्चा होते. केबल, ब्रेकर व भूसंपर्कन यांचा निर्णय मात्र तंत्रज्ञावर सोपविला जातो. विद्यार्थ्यांची सुरक्षितता प्रत्यक्षात याच तीन घटकांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन एका उदाहरणाद्वारे केले आहे.

केबल :
समजा, एखाद्या संस्थेकडे 11 केव्ही/433 व्होल्टचे 100 केव्हीए रोहित्र व 415 व्होल्टचे 62.5 केव्हीए जनित्र आहे. त्यांचे पूर्णभार प्रवाह अनुक्रमे सुमारे 133 व 87 अँपिअर होतात. एकाच चरात अनेक केबली असल्यास उष्णतेमुळे क्षमता घटते. हा घटक 0.8 धरल्यास रोहित्राच्या केबलची क्षमता किमान 167 अँपिअर हवी. जनित्रापासून 70 चौ. मिमी ॲल्युमिनिअम केबल 60 मीटर नेल्यास दाबातील घट सुमारे 5 व्होल्ट, तर 200 मीटरला 17 व्होल्ट म्हणजे 4 टक्के होते. अर्थात, लांब अंतरावर केबलची जाडी दाबातील घटीवरून ठरते.

ब्रेकर :
रोहित्राचा प्रतिबाध 4.5 टक्के असल्यास त्याच्या अग्रांजवळील दोषप्रवाह सुमारे 3000 अँपिअर असतो. तेथे 10 केए खंडनक्षमतेचा ब्रेकर पुरेसा ठरतो. याउलट, 12 टक्के प्रतिक्रियेचे जनित्र आरंभी जेमतेम 725 अँपिअर देते व हा प्रवाह वेगाने घटतो. दहापट, म्हणजे 1000 अँपिअरला तत्काळ तुटणारा 100 अँपिअरचा ब्रेकर येथे तत्काळ तुटणारच नाही. म्हणून जनित्राच्या ब्रेकरची चुंबकीय मर्यादा पुष्कळ कमी, तीन ते चार पट ठेवावी लागते.

भूसंपर्कन :
काळी कसदार जमीन पावसाळ्यात उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात ती भेगाळते व खाली कठीण बेसाल्ट लागतो. त्यामुळे भूसंपर्काचा रोध मे महिन्यात मोजणे योग्य. तथापि केवळ खड्ड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. रोहित्राकडील व यंत्राकडील रोध प्रत्येकी 2 ओहम असल्यास दोषप्रवाह 230 भागिले 4, म्हणजे सुमारे 57 अँपिअर होतो. 100 अँपिअरचा ब्रेकर तुटत नाही आणि यंत्राचे आवरण विद्युतभारित राहते. यास्तव प्रत्येक आवरण धातूच्या पट्टीने उद्‌गमाच्या भूसंपर्कित न्यूट्रलशी जोडावे. 3000 अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहील असे धरून, पोलादासाठी गुणांक 50 घेतल्यास 60 चौ. मिमी छेद लागतो. 25×3 मिमीची जस्तलेपित पट्टी त्यास पुरते. सॉकेटच्या परिपथांस 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्यावा. चेंजओव्हर स्विच चार ध्रुवी असावा व जनित्राचा न्यूट्रल दोन स्वतंत्र जोडण्यांनी भूसंपर्कित असावा. अन्यथा दोषप्रवाहास परतीचा मार्गच उरत नाही.

निष्कर्ष :
मुख्य पुरवठ्यावर सुरक्षित असणारी व्यवस्था जनित्रावरही सुरक्षित असतेच असे नाही. म्हणून दोन्ही उद्‌गमांची आकडेमोड स्वतंत्रपणे करून ती लेखी स्वरूपात संस्थेच्या दप्तरी ठेवणे आवश्यक आहे.