जांघेतली गाठ

आमचे शेजारी हमाल आहेत. बाजारात पोती वाहून त्यांनी संसार केला. पन्नाशीला आले तेव्हा त्यांच्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसू लागली. पोते उचलले, खोकला आला, की गाठ बाहेर यायची. आडवे झाले की आत जायची. दुखत तर नव्हती. त्यातून जागा लाजेची. मग सांगायचे कुणाला? लंगोट घट्ट आवळायचा नि कामाला जायचे. अशी दोन वर्षे काढली.

ही गाठ म्हणजे अंतर्गळ. डॉक्टर हिला हर्निया म्हणतात.

आपली आतडी पोटात असतात. स्नायूंची भिंत त्यांना आवरून धरते. या भिंतीत जांघेची आणि बेंबीची जागा मुळातच नाजूक. सायकलचे टायर एका जागी विरले, की हवा भरताना ट्यूबचा फुगा बाहेर येतो. तुम्ही पाहिले असेलच. इथेही तसेच होते. श्वास कोंडून ओझे उचलले की पोटात दाब वाढतो, आणि कच्च्या जागेतून आतडे डोकावते. जुना खोकला आणि शौचाला कुंथणे यांनीही दाब येतो. बायकांनाही अंतर्गळ होतो. मी तर जन्मभर खडूच उचलला, तरी मला झाला!

एका रात्री शेजाऱ्यांची गाठ आत जाईना. दगडासारखी कठीण झाली. कळा, उलट्या सुरू झाल्या. वारा सरेना. घरच्यांनी तेल लावून गाठ चोळली. हे फार वाईट. आतडे अडकले की त्याचा रक्तपुरवठा बंद होतो आणि काही तासांत ते कुजू लागते. अशा वेळी उजाडायची वाट पाहू नये. त्यांनी पाहिली. आतड्याचा तुकडा कापावा लागला. जीव वाचला, हे नशीब.

औषधाने किंवा पट्ट्याने ही फट बुजत नाही. शस्त्रक्रिया करून भिंत दुरुस्त करतात. बहुधा आतून जाळीचे ठिगळ लावतात. माझेही तसेच केले.

एका माणसावर ५५ किलोहून जास्त ओझे नसावे, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली सुचवले. आमच्याकडे तेव्हा धान्याचे पोते १०० किलोचे! ते एकट्याने पाठीवर घेणाऱ्याला लोक शाबासकी देत. मीही दिली आहे.

शेजारी आता जड पोत्याला दुसरा गडी बोलावतात. गुडघे वाकवून, ओझे अंगाशी धरून, श्वास सोडत उचलतात. परवा त्यांच्या मुलाला जांघेत गाठ दिसली. तो लाजला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे दवाखान्यात गेलो.