निर्जन पुळणीवर जाण्यापूर्वी

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातून निघालेल्या माणसाला कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर गेल्यावाचून खारे पाणी दिसत नाही. शहरात हुसेनसागर आहे, हिमायतसागर आहे, उस्मानसागर आहे. पण ही सारी नावाचीच सागरे. पूर्वेकडील सूर्यलंका किंवा मच्छलीपट्टण गाठावयाचे तर सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास मजल पडते, आणि कोकणचा किनारा त्याच्या जवळजवळ दुप्पट दूर. अठराव्या शतकात उत्तर सरकार प्रांत हातचा गेल्यावर हैदराबाद संस्थानाला समुद्र असा उरलाच नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्याच्या मुलखात होते. तेथून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी काचीगुड्याच्या स्थानकावर उतरून बरकतपुरा, नारायणगुडा, सुलतानबाजार या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील कित्येकांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आज रस्ते झाले, मोटारी झाल्या, आणि दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत याच घरांतील मुले किनाऱ्याकडे धाव घेतात. त्यांना गर्दीची चौपाटी नको असते. जेथे दुकान नाही, दिवा नाही, माणूस नाही, अशी पुळण हवी असते. ही आवड चांगलीच आहे. मात्र जेथे माणूस नाही तेथे वाचविणाराही नाही, ही गोष्ट निघण्यापूर्वी ध्यानी घेतली जात नाही.

गंमत अशी की, ज्या शहराला समुद्र नाही त्याच शहरात बसून भारताच्या साऱ्या किनाऱ्यांवरील लाटांचे भाकीत केले जाते. हैदराबादच्या प्रगतीनगर भागात भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. १९९९ मध्ये त्याची स्थापना झाली, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर २००७ साली त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्रही तेथेच सुरू झाले. किती उंचीच्या लाटा येणार, त्या कोणत्या दिशेने येणार, कोणत्या जिल्ह्याच्या किनाऱ्याला धोका आहे, ही माहिती हे केंद्र रोज प्रसिद्ध करते. मासेमार ती पाहतात. सहलीला निघालेला हैदराबादकर मात्र आपल्याच गावातील ही सोय सोडून सहाशे किलोमीटर दूर जाऊन पाण्याला विचारतो, आज कसा आहेस?

लाटेचे भाकीत करता येते ते कशामुळे, हे समजण्यासारखे आहे. लाट किनाऱ्यावर फुटते, पण ती जन्मते दूर. वारा पाण्यावरून वाहतो, पाण्याला घासतो, आणि आपली शक्ती त्याला देतो. वारा जितका जोराचा, जितका वेळ वाहील आणि जितक्या विस्तीर्ण पाण्यावरून वाहील, तितकी लाट मोठी. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, चाळीस अक्षांशांच्या पलीकडे, वर्षभर वादळी वारे वाहत असतात. तेथे उठलेल्या लांब, संथ लाटा विषुववृत्त ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. अशा लाटांची शक्ती ताशी सुमारे चाळीस किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटरच्या हिशेबाने पुढे सरकते. तेव्हा तिला येथे पोहोचावयास सहा-सात दिवस लागतात. म्हणूनच आकाश निरभ्र असताना, वाऱ्याची झुळूकही नसताना, मोठ्या लाटा किनाऱ्यावर येऊन थडकतात. केरळचे कोळी अशा समुद्राला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र म्हणतात. तो खरोखरच चोरपावलांनी येतो.

येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. दूरच्या समुद्रातील पाणी प्रवास करीत आपल्यापर्यंत येत नाही. वाऱ्यावर डोलणाऱ्या ज्वारीच्या शेतात लहर धावते, ताटे जागच्या जागी राहतात. तसेच हे आहे. पाण्याचा प्रत्येक कण वर्तुळात फिरतो आणि जवळजवळ आपल्या जागी परत येतो. खोल जावे तसतसे हे वर्तुळ लहान होत जाते, आणि दोन लाटांमधील अंतराच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळपास थांबते. पुढे तळ वर येऊ लागतो, लाट त्याला घासते, तिचा पाया मंदावतो व माथा पुढे झेपावतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीइतकी उरली, की लाट फुटते. आता मात्र पाणी खरोखर पुढे धावते, आणि एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो असते हे विसरून चालत नाही. गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस आडवा होतो तो याच कारणाने.

किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांची धास्ती दर्यावर्दी लोकांनाही असे. पूर्व किनाऱ्यावर, चोळमंडलापासून मच्छलीपट्टणापर्यंत, जहाजे दूर खोल पाण्यात नांगरून ठेवीत आणि माल व माणसे ‘मसुला’ नावाच्या होडीतून उतरवीत. या होडीच्या फळ्यांना खिळा म्हणून नसे. त्या काथ्याने एकमेकींस शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला की होडी वाकावी, पण फुटू नये, ही त्यामागील युक्ती. ताठ राहणाऱ्या विलायती होड्या त्या ठिकाणी फुटत.

कोकणातील खऱ्या निर्जन पुळणींपैकी एक म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याचे वेळास. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. सावित्री नदी जेथे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, तेथून ते जवळच आहे. रायगड जिल्ह्यातून येणाऱ्याला बागमांडल्याहून वेश्वीपर्यंत फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. मोटारही बोटीवरच चढते. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला उभा आहे. गाव माडा-पोफळींच्या सावलीत दडलेले, आणि पुळण गावापासून थोडी दूर, सुरूच्या झाडांपलीकडे. तेथे ना हॉटेल, ना पाळणे, ना घोडागाडी. राहावयाचे ते गावकऱ्यांच्या घरी, आणि जेवावयाचे त्यांच्याच चुलीवरचे.

भरतीच्या रेषेच्या वरच्या अंगाला वाळूवर जांभळ्या फुलांचा एक वेल पसरलेला आढळतो. कोकणात त्याला मर्यादवेल म्हणतात. सामान्यपणे समुद्र जेथपर्यंत येतो त्याच्या वरच हा वेल रुजतो, म्हणून हे नाव. त्याच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात. नवख्या माणसाने आपल्या वहाणा, पिशव्या आणि लहान मुले या वेलाच्या वरच ठेवावीत. त्यासाठी भूगोलाचे पुस्तक उघडावयास नको.

भरती-ओहोटीचेही असेच आहे. कोकणातील कोळी पंचांगावरून वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याचा सुमारे तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब घड्याळाच्या काट्याइतका नेमका नाही, परंतु सहलीचा बेत आखावयास पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर चढते व खूप खाली जाते; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा हा फरक कमी. उधाणाच्या ओहोटीत खाडीच्या मुखातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला विलक्षण ओढ असते. वेळाससारख्या, खाडीजवळच्या पुळणीवर त्या वेळी मुखाच्या बाजूला पाण्यात उतरू नये.

पण सर्वांत फसवी गोष्ट भरतीही नव्हे आणि मोठी लाटही नव्हे. किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे दांडे असतात. लाटा त्यांच्यावर फुटून पाणी किनाऱ्याकडे लोटतात. लोटलेले पाणी कोठेतरी परत गेलेच पाहिजे. ते दांड्यातील खिंड शोधते आणि तेथून अरुंद प्रवाहाच्या रूपाने समुद्राकडे धावते. या परतीच्या ओघात पाणी थोडे खोल असते, म्हणून तेथे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पाण्याचा पट्टा, असे ते दृश्य दिसते. पोहावयास ही जागा सुरक्षित, असे अजाण डोळ्यांना वाटते आणि माणूस नेमका तेथेच उतरतो! हा ओघ सेकंदाला दोन मीटर वेग घेऊ शकतो. शंभर मीटरच्या शर्यतीत जगातील उत्तमोत्तम पोहणारेही साधारण तेवढ्याच वेगाने जातात. तेव्हा त्याच्याविरुद्ध हात मारून कोणी सामान्य माणूस काठ गाठील, ही आशा व्यर्थ आहे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ रोजी, मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठजण गेले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. पुणे आणि बेळगाव ही दोन्ही गावे समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावरची. तेथील मुलांना नदी ठाऊक असते, विहीर ठाऊक असते. हैदराबादच्या मुलांचीही तीच स्थिती. विहिरीत सूर मारणाऱ्याला समुद्राचे पोहणे येते, असे मुळीच नाही. सहलीबरोबर जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तरी हे समजून घ्यावयास हवे. पुष्कळदा तेच ‘जा, जा, कमरेएवढ्या पाण्यात काय होते’ म्हणून मुलांना पुढे लोटतात.

या ओघात सापडल्यास करावयाचे ते थोडे आहे, पण ते आधी ठाऊक असावे लागते. हा ओघ माणसाला खाली ओढीत नाही, बाहेर नेतो. तेव्हा धडपडून दम घालवू नये. पाठीवर तरंगावे, हात वर करून हाक द्यावी. अंगात बळ असेल तर काठाकडे न वळता काठाला समांतर पोहावे. ओघ अरुंद असतो. त्यातून बाजूला निघाले की फुटणाऱ्या लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात. काठावरील मंडळींनी हातात हात गुंफून पाण्यात शिरू नये. एकाला वाचविण्यासाठी गेलेले दोघे-तिघे बुडाले, अशा वार्ता दरवर्षी वाचावयास मिळतात. रिकामा व घट्ट झाकणाचा डबा, प्लॅस्टिकचा मोठा कॅन, दोर, जे तरंगेल व पोहोचेल ते फेकावे, आणि गावात माणूस पिटाळावा. गोव्यातील गर्दीच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षकांचे दल आहे; निर्जन पुळणीवर तसे कोणी नाही. तेथे जाणाऱ्याने पाण्यात उतरण्यापूर्वी निदान पंधरा मिनिटे वाळूवर बसून पाणी पाहावे. मोठ्या लाटा एकामागून एक अशा तुकडीने येतात व मध्ये काही मिनिटे समुद्र निवांत भासतो. त्या निवांतपणावर भरवसा ठेवून उतरणारे पुढच्या तुकडीत सापडतात. गावच्या एखाद्या दादांना ‘आज कोठे उतरू नये?’ एवढे विचारले, तरी निम्मे काम होते.

वेळासची पुळण अशी रिकामी का राहिली, त्याला कारण आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री येथे वर येतात, वाळूत खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, आणि खड्डा बुजवून परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने घरट्यांचे रक्षण सुरू केले. अंडी कुंपणातील सुरक्षित जागेत पुरून ठेवतात, आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. ती पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावातील घरांना उत्पन्न मिळू लागले. म्हणजे येथे दिवे आणि दुकाने नसणे हेच गावाचे भांडवल झाले. उजेडाचे महत्त्व मोठे आहे. नुकतेच जन्मलेले पिल्लू अंधाऱ्या झाडीकडे पाठ फिरवून उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे चालते. पुळणीवर दिवा पेटला की ते उलट दिशेने जाते आणि सकाळच्या उन्हात मरते. रात्री विजेऱ्या घेऊन, शेकोट्या पेटवून, गाणी लावून पुळणीवर बसणाऱ्या तरुण मंडळींना हे कोणी सांगत नाही. किनाऱ्यावर मोटार चालविण्याची हौस तर त्याहून वाईट. चाकाखाली घरटे आले तर ते दिसतही नाही.

पिल्ले सोडण्याची वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. ती थेट पाण्यात सोडीत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर कोरड्या वाळूवर ठेवतात आणि पाहणाऱ्यांना दोरीच्या मागे उभे करतात. पहिली लाट त्यांना उलथी करून मागे फेकते. दुसरीही फेकते. मग केव्हातरी एक लाट त्यांना उचलते. पाण्यात शिरल्यावर पिल्लू उजेड पाहावयाचे सोडते, येणाऱ्या लाटेकडे तोंड करते, आणि प्रत्येक लाटेला सामोरे जात खोल पाण्याकडे निघून जाते.