मेणबत्ती लांब होते तेव्हा!

एप्रिलच्या मध्याला वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : यंदा देशात पाऊस सरासरीच्या अमुक टक्के पडणार! अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत सारेच ती वाचतात, कारण मुंबईच्या नळाला येणारे पाणी पावसाने भरणाऱ्या तलावांचेच असते. हे टक्के येतात कुठून? बरीच वर्षे ते मागील नोंदींवर बसवलेल्या गणिती सूत्रातून काढले जात. अशा सूत्राला 'प्रारूप' किंवा 'मॉडेल' म्हणतात. पण सूत्र नोंदींवर नीट बसले आहे, हे ओळखायचे कसे?

त्यासाठी एक मेणबत्ती पेटवू या. समजा, सुरुवातीला तिची उंची २० सें.मी. होती. पुढे दर तासाला मोजली तेव्हा ती १८.१, १५.९ आणि १४.२ सें.मी. भरली. हे चार बिंदू आलेखकागदावर मांडा. ते जवळजवळ एका सरळ रेषेत दिसतील. म्हणून आपण सूत्र मांडू : मेणबत्ती तासाला २ सें.मी. जळते. सूत्राप्रमाणे उंची २०, १८, १६ आणि १४ यायला हवी. प्रत्यक्ष उंचीतून ही उंची वजा केली की उरते ०, +०.१, –०.१ आणि +०.२. या उरलेल्या फरकांना 'शेष' म्हणू या. नुसती बेरीज केली तर अधिक-उणे शेष एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून त्यांचे वर्ग करून बेरीज करायची. येथे ती ०.०६ येते. ही बेरीज जितकी लहान, तितके सूत्र नोंदींच्या जवळ. वर्गांची ही रीत फ्रेंच गणिती लिजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली.

आता तुमचा एखादा हुशार मित्र म्हणेल, "माझे सूत्र याहून सरस आहे!" तो तीन घातांचे समीकरण घेऊन चारही बिंदूंतून तंतोतंत जाणारी वक्ररेषा काढतो. त्याचे सगळे शेष शून्य! मग त्याचेच सूत्र चांगले, नाही का?

थांबा. त्याला पुढच्या तासांची उंची विचारा. त्याचे सूत्र सांगते : चौथ्या तासाला १३.८, पाचव्या तासाला १५.५ आणि सहाव्या तासाला २०.१ सें.मी.! म्हणजे जळता जळता मेणबत्ती मूळ उंचीपेक्षाही लांब झाली!

असे का व्हावे? मोजपट्टी धरताना झालेल्या बारीकसारीक चुकाही त्या वक्ररेषेने नियम समजून गिरवल्या. सूत्रात चार अंक हवे तसे बदलायची मुभा असली, की ते कोणत्याही चार नोंदींवर बसवता येते. त्यात सूत्राचा मोठेपणा नाही. खरी परीक्षा सूत्र बनवताना न वापरलेल्या नोंदींवरच होते. पाठ केलेली गणिते सोडवणे वेगळे आणि परीक्षेत नवे गणित सोडवणे वेगळे, तसेच हे.

पावसाच्या सूत्रालाही अशीच परीक्षा द्यावी लागली. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी तापमान, हवेचा दाब, वारे, बर्फाचे आच्छादन अशा १६ घटकांवरून मोसमी पावसाचे प्रारूप तयार केले. १९८८ पासून हवामान खाते त्यावरून अंदाज देऊ लागले. त्यानंतर २००१ पर्यंत देशव्यापी दुष्काळ पडला नाही. मग आले २००२ साल. अंदाज होता १०१ टक्के, चूकभूल ४ टक्के. प्रत्यक्षात पाऊस पडला ८१ टक्के! तपासणीत असे दिसले, की काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध काळाच्या ओघात क्षीण झाला होता. २००३ मध्ये ८ आणि १० घटकांची नवी प्रारूपे आली. घटक कमी केले, ही माघार नव्हती. परीक्षेतून घेतलेला धडा होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रारूप ज्या प्रश्नासाठी बनवले, त्याचेच उत्तर त्याला विचारावे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७४ मि.मी.! साऱ्या देशाची चार महिन्यांची सरासरी अचूक सांगणारे सूत्रही अशा एका दिवसाबद्दल काही सांगू शकत नाही.

आता तुम्ही स्वतः करून पाहा. शाळेच्या गच्चीवर सरळ कडांचा डबा ठेवून जूनभर रोजचा पाऊस मोजा. तुमचे सूत्र बसवा. पण शेवटच्या आठवड्याच्या नोंदी गुरुजींपाशी बंद पाकिटात ठेवायला विसरू नका. सूत्र पक्के झाल्यावरच पाकीट उघडा. तुमच्या सूत्राचे खरे गुण त्या पाकिटातच असतील!