भांड्यांवरून माणसांपर्यंत

उज्जैनच्या टावर चौकातून पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर कायथा आहे. 1960च्या दशकात विष्णु श्रीधर वाकणकरांनी हे गाव पुरातत्त्वाच्या नकाशावर आणलं. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज आलं. अन्सारी आणि ढवळीकरांनी पुन्हा खणलं. चार हजार वर्षांहून जुनी वस्ती, तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या, मण्यांचे हार. पण ही माणसं कुठली? उत्तर शोधायचं ते खापरांतच. पुढे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात माळवा घाटाची भांडी निघाली, तेव्हाही तोच पेच: माळव्यातून माणसं आली, की नुसती कला?

हा पेच खापरांनी सुटत नाही, हाडांतल्या डीएनएने सुटू शकतो. 1977मध्ये केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांनी डीएनएची अक्षरं वाचायची रीत काढली. डीएनएची नक्कल तयार होताना तिला मध्येच थांबवणारा घटक मिसळायचा, मग कमी-जास्त लांबीचे तुकडे जेलवर वेगळे करून क्रम लावायचा. माणसाचा जनुकसंच 1990 ते 2003 असा तेरा वर्षं वाचला गेला, तो मुख्यतः याच रीतीने. पुरातत्त्वाला तिचा उपयोग बेताचाच. जुन्या हाडातला डीएनए म्हणजे शंभर अक्षरांहूनही तोकडा चुरा, त्यातही बराचसा मातीतल्या जिवाणूंचा. 2005नंतर असंख्य तुकडे एकाच वेळी वाचणारी यंत्रं आली आणि या चुऱ्याला किंमत आली.

तरी आपलं उष्ण हवामान आडवं येतंच, त्यात डीएनए टिकत नाही. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी हरयाणात हडप्पा संस्कृतीच्या राखीगढीची दफनभूमी खणली. 61 नमुने तपासले. कानाजवळचं टणक हाडही कोरलं. जनुकसंच हाती लागला तो एका स्त्रीचा, तोही शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया केल्यावर आणि अर्धामुर्धाच. सप्टेंबर 2019मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात निष्कर्ष आला: तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वारसा आढळत नाही. लगेच आर्य बाहेरून आले की इथलेच, या वादाचे निकाल दोन्ही बाजूंनी जाहीर झाले. ही घाई नडली. इराण आणि तुर्कमेनिस्तानातल्या जुन्या वस्त्यांमधल्या अकरा जणांशी तिचं जुळलं, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आहे. पण एवढ्यावरून अख्ख्या संस्कृतीची वंशावळ मांडता येत नाही.

कायथ्याच्या माणसांचं उत्तरही अशाच हाडांत असू शकतं, म्हणून माळव्यात यापुढे खणणाऱ्यांना एकच विनंती: हाड दिसताच ते पाण्याने धुऊ नका, उघड्या हातांनी धरू नका. हातमोजे, मास्क घाला, डीएनएचा नमुना आधी काढून घ्या. हाताळून घ्यायची मोजमापं नंतर.