जिंकणाऱ्यालाच बाहेर काढलं तेव्हा...

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची बैठक चांगलीच तापली. विषय होता मुलींच्या कबड्डीचा. दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या दिवशी, आम्ही तालुक्यातल्या कॉलेजांच्या मुलींचे सामने भरवतो. गेली पाच वर्षं ढाल एकाच कॉलेजकडे जातेय. यंदा तर अंतिम सामना ५८-९ असा एकतर्फी झाला. हरलेल्या मुली मैदानातच रडायला लागल्या आणि त्यांच्या मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, पुढच्या वर्षी आम्हाला बोलवू नका."

बैठकीत एकीने तोडगा काढला. "जिंकणाऱ्या कॉलेजला सांगू या, तुम्ही आता जिल्ह्याला खेळा. इथे लहानांना खेळू द्या." पटापट हात वर झाले. माझाही हात वर जायला निघाला होता, पण अर्ध्यावरच थांबला. कारण हीच गोष्ट मी एकदा पाहून आले होते, तीही सातासमुद्रापार.

मैत्रिणींनो, २०१९च्या सप्टेंबरमध्ये मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले होते. आईला एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून डिंक, अळीव, मेतकूट असं सगळं घेऊन मीच निघाले. बहीण मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात राहते. शेजारी एक आजीबाई राहायच्या. बाळ झाल्याचं कळताच त्या 'हॉटडिश' घेऊन आल्या. म्हणजे बटाटे, भाज्या, मांस असं सगळं एकाच भांड्यात घालून भट्टीत भाजलेलं. आमच्या शाकाहारी घरासाठी त्यांनी मुद्दाम बिनमांसाचं केलं होतं. माझं इंग्रजी बी.ए.च्या पुस्तकातलं, त्यांचं नाकातलं. तरी आमचं जमलं. बाया बाळाभोवती जमल्या की भाषा आडवी येत नाही!

त्याच आजींनी एका शनिवारी आम्हाला घरी बोलावलं. "मॅच आहे, शेवटची," म्हणाल्या. जाऊन पाहते तर दिवाणखान्याची जणू फाळणी झालेली! एका बाजूला लाल सदरे घातलेली माणसं, दुसऱ्या बाजूला जांभळे. आजोबा लाल, जावई जांभळा. लेक बिचारी दोन्हीकडे बशा पोचवतेय. मला तर आपल्याकडच्या लग्नातली मुलाकडची आणि मुलीकडची मंडळीच आठवली.

हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे हं. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं किंवा फेकायचा, समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला गाद्या. पलीकडच्या रेषेपार चेंडू नेला की एकदम सहा गुण.

लाल संघ सेंट जॉन्सचा. सेंट पॉलपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, रानात आणि तळ्याकाठी वसलेलं हे कॉलेज बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी १८५७ साली सुरू केलं. ते फक्त मुलांचं. जवळच्याच गावात त्याची जोडीदारीण, सेंट बेनेडिक्ट नावाचं मुलींचं कॉलेज. दोघांचे वर्ग एकत्र भरतात आणि मुलंमुली बसने ये-जा करतात. आमच्या आजीबाई तिथल्याच विद्यार्थिनी, आजोबा सेंट जॉन्सचे. लग्न कसं जुळलं ते सांगायला नको! जांभळा संघ सेंट थॉमसचा. हे कॉलेज सेंट पॉल शहरातलं, १८८५ सालचं. या दोघांचं मैदानावरचं भांडण १९०१ सालापासूनचं. एकाला 'जॉनी' म्हणतात, दुसऱ्याला 'टॉमी'. नावं अशी घरगुती, जशी काही शेजारची दोन पोरं.

ही दोन्ही कॉलेजं मिनेसोटातल्या लहान कॉलेजांच्या संघटनेत होती. तिला सगळे 'मायॅक' म्हणतात. १९२० साली सात कॉलेजांनी ती स्थापन केली, त्या सातांत ही दोघंही होती. ही सगळी कॉलेजं तिथल्या 'डिव्हिजन थ्री' या गटात मोडतात. त्याचा मुख्य नियम असा, की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. मुलगा मैदान गाजवतो म्हणून त्याची फी माफ होत नाही. अभ्यास करायचा, परीक्षा द्यायच्या आणि आवड म्हणून खेळायचं. पुढे हजारात एखादाच व्यावसायिक खेळाडू होणार, बाकीचे शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, दुकानदार. आणि तरीसुद्धा २०१७ साली जॉनी-टॉमींचा सामना बघायला ३७ हजारांवर माणसं आली होती! त्या गटातला तो विक्रम ठरला.

सेंट जॉन्सच्या जॉन गॅलार्डी या प्रशिक्षकांबद्दल आजोबा भरभरून बोलत होते. हा माणूस १९५३ साली तिथे आला आणि २०१२पर्यंत शिकवत राहिला. कारकिर्दीत ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कोणाचेच नव्हते. पण त्यांची रीत ऐकाल तर चकित व्हाल. सरावात एकमेकांना आपटायचं नाही. शिट्टी नाही. संघात येऊ इच्छिणाऱ्या कुणाला घरी पाठवायचं नाही. आणि मला 'कोच' म्हणू नका, नुसतं 'जॉन' म्हणा! शिव्याशाप, धाकदपटशा न करताही मुलं जिंकू शकतात, हे त्यांनी साठ वर्षं दाखवून दिलं. २०१८ साली ९१व्या वर्षी ते गेले.

मग "शेवटची मॅच" का? ही खरी गोष्ट इथून पुढे.

सेंट थॉमस काही कायमचं बलाढ्य नव्हतं. २००७ साली त्यांच्या फुटबॉल संघाने दहापैकी आठ सामने गमावले होते. २००८मध्ये ग्लेन करूसो हे नवे प्रशिक्षक आले आणि चित्रच पालटलं. २०१२ आणि २०१५ साली संघ देशाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. दरम्यान कॉलेजही वाढत गेलं होतं. इतर कॉलेजांत दोन-तीन हजार विद्यार्थी, तर इथे पदवीचेच सहा हजारांच्या घरात. फक्त फुटबॉलच नाही, मुलींचे संघही जोरात. त्यांच्या व्हॉलीबॉलच्या मुली २०१२ साली राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

आणि मग आला ऑक्टोबर २०१७. सेंट थॉमसने सेंट ओलाफ कॉलेजला हरवलं. गुण होते ९७ विरुद्ध शून्य.

तो आकडा ऐकून मी आजींना दोनदा विचारलं, ऐकण्यात चूक तर नाही ना. सेंट ओलाफ हे नॉर्थफिल्ड नावाच्या छोट्या गावातलं कॉलेज. तिथलं समूहगायन अमेरिकाभर नावाजलेलं. त्याच गावात कार्लटन हे दुसरं कॉलेज आहे, अभ्यासात अव्वल. या दोन शेजाऱ्यांचीही फुटबॉलमध्ये जुनी चुरस आहे आणि त्यांच्या सामन्याला चक्क 'सीरियल बोल' म्हणतात, म्हणजे लापशीचा वाडगा! कारण गव्हाच्या रव्याची लापशी करणारा मोठा कारखाना त्या गावात आहे. गावच्या चौकातल्या स्मारकावरचा गरुड जिंकणाऱ्या कॉलेजकडे तोंड करून फिरवायचा, अशीही प्रथा. हरलेल्यांना वर्षभर गरुडाची पाठ बघावी लागते. किती गोड चिडवाचिडवी! पण ९७-० मध्ये कसली आलीय गोडी? तिथे त्या हरणाऱ्या मुलाची आई प्रेक्षकांत बसली असेल, तिच्या पोटात काय झालं असेल?

पुढे कॉलेजांत कुजबुज सुरू झाली आणि २०१९च्या मे महिन्यात निर्णय जाहीर झाला. सेंट थॉमसने 'मायॅक' सोडायची. स्वखुशीने नव्हे, त्यांना काढण्यात आलं. कारण दिलं, स्पर्धेत बरोबरी उरली नाही. नियम मोडल्याचा किंवा लबाडीचा आरोप नव्हता. ९९ वर्षं घरात राहिलेल्या, घर बांधणाऱ्या सातांपैकी एकाला, जास्त जिंकतोस म्हणून दार दाखवलं गेलं. दोन वर्षांची मुदत मात्र दिली.

तेव्हा सेंट थॉमसच्या प्रमुख होत्या ज्युली सलिव्हन. त्या कॉलेजच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष, आणि धर्मगुरू नसलेल्याही पहिल्याच. घराण्याने वेगळं काढलेल्या सुनेसारखी त्यांची अवस्था झाली असेल, असं मला वाटून गेलं. पण त्यांनी रडगाणं गायलं नाही. एकदम सगळ्यात वरच्या 'डिव्हिजन वन'मध्ये जायची परवानगी मागितली. आधुनिक काळात तिसऱ्यातून थेट पहिल्या गटात कुणीच गेलं नव्हतं. जुलै २०२०मध्ये ती परवानगी मिळाली, २०२१पासून ते तिथे खेळू लागले आणि २०२२ साली फुटबॉलमध्ये आपली नवी लीग जिंकलीसुद्धा.

पण मला टोचलं ते वेगळंच. चर्चा झाली मुख्यतः मुलांच्या फुटबॉलची आणि घर सुटलं सगळ्यांचं. बास्केटबॉलच्या मुली, सॉफ्टबॉलच्या मुली, पोहणाऱ्या, धावणाऱ्या. त्यांच्याही मैत्रिणी, त्यांचेही जुने प्रतिस्पर्धी तुटले. घरात पुरुषांचं भांडण झालं की बायकांचं हळदीकुंकू बंद होतं ना, तसंच.

आता दुसरी बाजूही ऐका. याच संघटनेत मॅकलेस्टर नावाचं कॉलेज आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान तिथलेच विद्यार्थी. या कॉलेजचा फुटबॉल संघ १९७४ ते १९८० या काळात सलग ५० सामने हरला! अखेर कंटाळून २००२पासून ते 'मायॅक'च्या फुटबॉलमधून बाहेर पडले. म्हणजे बघा, एकजण हरून हरून गेला, दुसरा जिंकून जिंकून. आणि गंमत अशी की सेंट थॉमस ज्या वर्षी गेलं, त्याच २०२१ साली मॅकलेस्टर परत आलं. त्याच वर्षी संघटनेने फुटबॉलचे पाच-पाच संघांचे दोन गट पाडले आणि शेवटी दोन्ही गटांच्या विजेत्यांचा सामना ठेवला. म्हणजे दुबळ्यांचा त्रास खोटा नव्हता. जागा झाली तेव्हा एक रुसलेला भाऊ घरी आला. पण सगळे सारखे झाले का? नाही. पुढेही वरचष्मा दिसला तो सेंट जॉन्स आणि बेथेल या कॉलेजांचाच. एक डोंगर हलवला की मागचा डोंगर मोठा दिसतो, एवढंच.

मला राहून राहून वाटतं, गट पाडण्याची युक्ती आधी सुचली असती तर?

त्या शनिवारी, १९ ऑक्टोबर २०१९ला, सेंट पॉलच्या मैदानात एकोणीस हजारांवर माणसं होती. सेंट जॉन्स जिंकलं, ३८-२०. म्हणजे अजिंक्य म्हणून ज्यांना काढलं, तेच हरले! लाल बाजूने आरडाओरडा केला, जावयाने उठून सासऱ्यांचा हात हातात घेतला. आणि मग एकाएकी दिवाणखाना शांत झाला. आजोबा टीव्हीकडे बघत बसले होते. म्हणाले, "आता ऑक्टोबरात भांडायचं कोणाशी?" पुढच्या वर्षी करोनामुळे हंगामच झाला नाही. त्यामुळे 'मायॅक'मधली त्यांची ती खरोखरच शेवटची लढत ठरली.

जिंकलेल्या माणसाचा तो उदास चेहरा मी विसरले नाही. तुल्यबळ वैरी हीसुद्धा जपून ठेवायची चीज आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तर बैठकीत माझा हात अर्ध्यावर थांबला तो असा. मी ही सगळी हकिगत सांगितली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "पण ताई, ५८-९ ने हरलेल्या पोरींचं काय? त्यांना तुमच्या आजोबांची गोष्ट सांगायची का?" तिचंही खरंच होतं. शून्यावर हरणाऱ्याला "खेळाडूवृत्ती ठेव" म्हणणं फार सोपं असतं.

शेवटी असं ठरलं. पुढच्या वर्षी दोन गट पाडायचे. नवे आणि कच्चे संघ आधी आपसात खेळतील, त्यांची वेगळी ढाल असेल. दोन्ही गटांच्या विजेत्यांचा सामना शेवटी होईल. फरक फारच वाढला, तर पंचांनी दोन्ही कर्णधारांना विचारून सामना आवरता घ्यायचा. आणि पाच वर्षं जिंकणाऱ्या त्या मुलींना एक विनंती करायची, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बाकीच्यांना पकड आणि चढाई शिकवायला या.

विनंती घेऊन मीच गेले. त्यांची कर्णधार, शेतमजुराची लेक, ऐकून हसली. म्हणाली, "येऊ की ताई. आम्हालापण कंटाळा आलाय सोपं सोपं जिंकायचा."

आता मला त्या रडवेल्या मुलींच्या मॅडमकडे जायचंय. त्या हो म्हणतील की नाही, माहीत नाही. पण दार आपण लावलं नाही, एवढं तरी त्यांना सांगता येईल.